वाचलेले ध्यानात कसे राहील?



आम्ही ३६ वर्षे शाळेत शिकवले. निवृत्त झालो आणि गावात मोठ्या माणसांसाठी रात्रीचा वर्ग निघाला. तेव्हापासून तिथे शिकवायला जातो. या वर्गात एक वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. “गुरुजी, वाचतो खरं, पण ध्यानात राहत नाही.”

तुम्हीही हे वाक्य कधीतरी बोलला असाल. म्हणून आज त्यावरच बोलू.

आमच्या वर्गात एक मावशी येत. वय साठीच्या आसपास. दिवाळीनंतर त्यांनी पाटी हातात घेतली आणि शिमग्यापर्यंत सही करायला, दोन-चार ओळी वाचायला शिकल्या. नंतर उन्हाळा आला, लग्नसराई आली, मग पेरणी आणि खुरपणी. वर्ग बंद पडला. पाटी माळ्यावर गेली.

दसऱ्याच्या सुमारास बचत गटाची बैठक होती. सगळ्या बायका वहीत सही करत होत्या. मावशींची पाळी आली. नावातली पहिली दोन अक्षरे उमटली. तिसरे काही केल्या आठवेना. मागे बायका थांबलेल्या. मावशींनी लेखणी खाली ठेवली, शाईचे पॅड स्वतःच पुढे ओढले आणि अंगठा उठवला.

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, माझं नाव वर्गातनं काढून टाका. माझं डोकं म्हणजे चाळण झालीय. वरून घातलं की खालून गळतं.”

आम्ही म्हणालो, “असं नका म्हणू मावशी. प्रयत्न करा, येईल.” त्या काही न बोलता निघून गेल्या. नंतर आमचे आम्हालाच वाटले, हे काय उत्तर झाले? विहिरीवर आलेल्या माणसाला दोर न देताच “पाणी काढ” म्हणण्यासारखे ते झाले. प्रयत्न करा, पण कसा? ते आम्ही सांगितलेच नव्हते. या लेखात ते सांगत आहोत.

डोके चाळण नाही

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. याच मावशींना जात्यावरच्या ओव्या किती येतात, याची मोजदाद नाही. गावातली कोणती मुलगी कोणत्या गावी दिली, कोणाच्या घरी किती पायल्या जोंधळे उसने दिले, कोणती गाय कधी व्याली, हे त्यांना विचारा. पटापट सांगतील. हे सगळे राहते आणि तिसरे अक्षर राहत नाही. मग डोके चाळण कसे?

जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८८० सालचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करता करता त्या गाणी रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातलग यांनी त्यातली काही कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. १९५२ साली त्या गाण्यांचे पुस्तक निघाले आणि साऱ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. अक्षर न शिकलेल्या बाईच्या ध्यानात एवढे धन होते.

म्हणजे स्मरण देवाने सगळ्यांनाच दिले आहे. मग ओव्या का राहतात? त्यांची तीन कारणे आहेत. ओवीला अर्थ असतो. ती आपल्या सुखदुःखाला बांधलेली असते. आणि ती पुस्तकात बघून म्हणायची नसते. दर पहाटे आठवून म्हणायची असते. ही तिन्ही कारणे ध्यानात ठेवा. पुढे कामी येतील.

विसर कसा पडतो?

जर्मनी देशात हेर्मान एबिंगहाउस नावाचे एक विद्वान होऊन गेले. माणूस किती विसरतो, हे त्यांना मोजायचे होते. दुसऱ्या कोणाला न छळता त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. काहीच अर्थ नाही अशी सुमारे २३०० छोटी अक्षरजोडणी त्यांनी तयार केली. त्यांच्या याद्या ते पाठ करत. काही वेळ जाऊ देत. मग तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, ते मोजत. १८८५ साली त्यांनी हे सारे पुस्तकात छापले.

त्यांना काय दिसले? समजा, पहिल्यांदा पाठ करायला १०० मिनिटे लागली. तासाभराने पुन्हा पाठ केले, तर त्यातली सुमारे ४४ मिनिटेच वाचत. बाकीची मेहनत पुन्हा करावी लागे. एका दिवसाने सुमारे ३४ मिनिटे वाचत. आणि ३१ दिवसांनी? सुमारे २१.

आता हे आकडे घाटाच्या रस्त्यासारखे बघा. घाट उतरताना आधी उभा उतार लागतो, मग रस्ता हळूहळू सपाट होतो. विसरही तसाच. पहिल्या तासात आणि पहिल्या दिवसात भराभर पडतो. नंतर त्याचा वेग मंदावतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, विसरणे हा काही तुमचा एकट्याचा दोष नाही. एवढा मोठा विद्वानसुद्धा दिवसाभरात बहुतेक विसरत होता. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. महिन्यानंतरही सगळे पुसले जात नव्हते. दुसऱ्यांदा शिकताना मेहनत कमीच लागत होती. आणि ती तर अर्थ नसलेली अक्षरे होती. अर्थ असलेली गोष्ट त्याहून अधिक टिकते.

तेव्हा कोणी म्हणेल, “मी शिकलेलं सगळं विसरलो, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात,” तर ते खरे नाही. राखेखाली विस्तव असतो. फुंकर घालायला हवी.

आमची चूक

आता ही फुंकर कशी घालायची? इथे आम्हाला आमची एक चूक कबूल केली पाहिजे.

पुष्कळ वर्षे आम्ही मुलांना सांगत होतो, “धडा दहा वेळा वाचा.” मुले मोठ्याने वाचत. वर्ग दणाणून जाई आणि आम्हाला समाधान वाटे. एकदा एका मुलाने धडा घडाघडा म्हणून दाखवला. आम्ही त्याला मधलाच एक प्रश्न विचारला. तो गप्प. पुन्हा विचारला. त्याने पहिल्या ओळीपासून म्हणायला सुरुवात केली! धडा त्याच्या ओठावर होता, डोक्यात नव्हता. दोष त्या मुलाचा नव्हता. शिकवण्याचा होता.

पुस्तक समोर उघडे असले की वाटते, हे तर आपल्याला येते. ओळखीचा माणूस रस्त्यात दिसला की आपण हात करतो. पण तो गेल्यावर “त्याचं नाव काय हो?” असे कोणी विचारले, तर कधी कधी नाव आठवत नाही. चेहरा ओळखणे वेगळे आणि नाव आठवणे वेगळे. वाचण्याचेही तसेच आहे. बघून वाचता येणे वेगळे, न बघता सांगता येणे वेगळे.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी याची परीक्षा घेतली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. काही विद्यार्थ्यांना त्यांनी एक उतारा वाचायला दिला. मग निम्म्यांना सांगितले, “तोच उतारा पुन्हा वाचा.” बाकीच्यांना सांगितले, “उतारा बाजूला ठेवा आणि आठवेल तेवढं लिहा.” पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्याने विचारले, तेव्हा पारडे फिरले. पुन्हा वाचणाऱ्यांना शंभरात सुमारे ४२ गोष्टी आठवल्या. आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ आठवल्या.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होते. पूर्वी दिवेलागणीला घरोघर मुलांचा परवचा चाले. मुले पाढे म्हणत, पावकी-निमकी म्हणत, श्लोक म्हणत. पुस्तक हातात नसे. आठवून म्हणायचे, अडले की वडीलधारे सांगत. आणि हे रोज. कित्येक वारकऱ्यांना न वाचता सगळा हरिपाठ येतो, तोही असाच.

तेव्हा पहिली युक्ती ही: वाचा, पुस्तक मिटा, आठवा, मग उघडून पडताळून पाहा.

आता हे लगेच करून बघू. हे पुस्तक क्षणभर मिटा. ओव्या ध्यानात राहण्याची तीन कारणे आम्ही वर सांगितली, ती आठवा. आठवताना ताण पडला तरी घाबरू नका. तोच ताण उपयोगाचा. दोनच आठवली? हरकत नाही. मागे जाऊन तिसरे बघा. ते आता अधिक पक्के बसेल.

उजळणी केव्हा करावी?

दुसरी युक्ती वेळेची आहे. एकाच रात्री तीन तास बसण्यापेक्षा तोच वेळ थोडा थोडा वाटून घ्यावा. रोपाला महिन्याचे पाणी एकाच दिवशी घातले तर ते वाहून जाते. पाळीपाळीने घातले तर मुळाशी मुरते.

घड्याळ किंवा वही नसली तरी चालेल. आपल्या नेहमीच्या दिवसांची खूण धरा. आज नवा धडा वाचला, तर

आज झोपण्यापूर्वी एकदा आठवा.
उद्या सकाळी चूल पेटवताना किंवा गुरांना वैरण घालताना एकदा आठवा.
येत्या बाजाराच्या दिवशी, बाजाराच्या वाटेवर एकदा आठवा.
येत्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला पुन्हा एकदा आठवा.

दर वेळी आठवायला फार तर पाच मिनिटे लागतात. दर वेळी उतार थोडा कमी होतो आणि विसर लांब पळतो. जे अडले, ते मात्र त्याच दिवशी पुस्तकात बघून घ्यावे. चुकीचे पाठ झाले तर ते काढायला दुप्पट कष्ट पडतात.

पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत वर्गाला येणे जमत नाही, हे आम्हाला कळते. वर्ग सुटला तरी चालेल, पण आठवणे सोडू नका. वाटेवरच्या पाट्या वाचा. एसटीवरचे गावाचे नाव वाचा. खताच्या पोत्यावरची अक्षरे वाचा. पेरणी झाल्यावर वर्गात परत याल, तेव्हा पाटी कोरी नसेल.

नवे जुन्याला बांधा

तिसरी युक्ती. नवी गोष्ट मोकळी ठेवू नका, ओळखीच्या खुंटीला बांधा.

‘घ’ आणि ‘ध’ यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. ‘भ’ आणि ‘म’ यांतही होतो. अशी अक्षरे वेगवेगळ्या दिवशी घोकण्यापेक्षा शेजारी शेजारी लिहा आणि फरक कुठे आहे, ते बोट ठेवून बघा. मग ‘घ’ घराचा, ‘ध’ धान्याचा, ‘भ’ भाकरीचा, ‘म’ मिठाचा, अशी प्रत्येकाला एक ओळखीची वस्तू द्या.

लांब गोष्टीचे तुकडे करा. १९५६ साली जॉर्ज मिलर या अमेरिकन विद्वानांनी दाखवले, की माणसाच्या ध्यानात एका वेळी सुटे असे सुमारे सात नग मावतात. पुढच्या संशोधकांनी तर तो आकडा चारापर्यंत खाली आणला. मग मोबाईलचा दहा आकडी नंबर कसा राहावा? त्याचे तीन, तीन आणि चार असे गट पाडा. दहा सुट्या आकड्यांच्या जागी तीन जुड्या झाल्या. सुटी कडबी उचलवत नाही, पेंढी उचलते.

यादी पाठ करायची असेल, तर जागेची युक्ती करा. ती फार जुनी आहे. ग्रीस देशात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी सायमोनिडीज नावाचा कवी होता. त्याची एक आख्यायिका सांगतात. तो एका मेजवानीला गेला होता. थोड्या वेळासाठी बाहेर आला आणि मागे छत कोसळले. आतली माणसे ओळखू येईनात. तेव्हा कोण कोणत्या जागी बसले होते, हे त्याने आठवले आणि त्यावरून एकेकाची ओळख पटवली. जागा आठवली की माणूस आठवतो, हे त्याने हेरले.

आपण हेच आपल्या घरात करू. बाजारातून मीठ, साबण, काडेपेटी आणि वही आणायची आहे. डोळे मिटा आणि घरात शिरा. उंबऱ्यावर मिठाची रास सांडली आहे. तुळशीपाशी साबणाचा फेसच फेस झाला आहे. चुलीवर भाकरीच्या जागी काडेपेटी भाजते आहे. देव्हाऱ्यात वही पुजली आहे. हसू येते ना? येऊ द्या. हसू आले की गोष्ट पक्की राहते. बाजारात गेल्यावर मनाने घरात एक चक्कर मारा. चारही वस्तू सापडतील.

सगळेच पाठ करायचे नसते

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. आपल्याला आता लिहिता येते. मग सगळा भार डोक्यावर का घ्यावा? बाळाच्या लसीची तारीख, कर्जाचा हप्ता, कोणाला किती पैसे दिले, हे वहीत लिहून ठेवावे. ध्यानात राहिले तरी लिहावे. तोंडी व्यवहारात वाद होतो, लिहिलेले दाखवता येते.

बँकेचा गुप्त आकडा मात्र याला अपवाद आहे. तो पाठच करावा. तो कार्डावर किंवा भिंतीवर लिहू नये आणि फोनवर कोणी कितीही गोड बोलून विचारला, तरी सांगू नये.

झोप आणि नातवंडे

रात्र रात्र जागून अभ्यास करणाऱ्याचे पूर्वी कौतुक होई. आम्हीही ते केले आहे. पण झोपेत मेंदू दिवसभराचे शिकलेले मुरवत असतो, हे आता शास्त्रज्ञांनी दाखवले आहे. दूध विरजणाला लावून ठेवावे लागते. सारखे ढवळत बसले तर दही लागत नाही. तेव्हा झोपेपूर्वी थोडे वाचा, एकदा आठवा आणि स्वस्थ झोपा. वाचताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन दगडांवर पाय ठेवून नदी ओलांडता येत नाही.

आणि जे शिकाल, ते कोणाला तरी शिकवा. नातवाला बोलवा आणि म्हणा, “ये रे बाळा, आज मी काय वाचलं ते सांगते.” सांगताना जिथे अडाल, तिथे आपले कच्चे आहे, हे कळते. त्यात लाज कसली? नातवालाही कळते, की आजी या वयात शिकते आहे.

मावशींचे पुढे काय झाले?

आठ दिवसांनी आम्ही स्वतः मावशींच्या घरी गेलो. म्हणालो, “मावशी, चूक आमची झाली. कसं शिकायचं ते आम्ही सांगितलंच नाही. आता एकच करा. नावाची चिठ्ठी पिठाच्या डब्यात ठेवा. रोज चुलीपुढे राखेत बोटानं नाव काढा. आधी न बघता. मग चिठ्ठी काढून ताडून बघा.”

मावशी म्हणाल्या, “एवढंच?”

“एवढंच. पण आधी न बघता.”

पहिले चार दिवस तिसरे अक्षर चुकले. पाचव्या दिवशी आले, सहाव्या दिवशी पुन्हा चुकले. मग बसले. शिमग्यापर्यंत जे शिकायला चार महिने लागले होते, ते बहुतेक सगळे या वेळी महिन्याभरात परत आले.

संक्रांतीच्या सुमारास गटाची बैठक झाली. मावशींनी सही करायला वेळ लावला. बायका थांबल्या होत्या. कोणीतरी शाईचे पॅड पुढे सरकवले. मावशींनी ते डाव्या हाताने बाजूला सारले आणि शेवटच्या अक्षरावर रेघ ओढून मग मान वर केली.

त्यांचे नाव अजून आमच्या वर्गाच्या हजेरीत आहे.

पुस्तक मिटून उत्तरे सांगा

१. विसर कधी अधिक पडतो, पहिल्या दिवशी की महिन्यानंतर?
२. बघून वाचणे आणि न बघता आठवणे, यांत कोणते अधिक दिवस टिकते?
३. आज वाचलेला धडा कोणकोणत्या वेळी आठवायचा?
४. देव्हाऱ्यात कोणती वस्तू ठेवली होती?
५. कोणती गोष्ट लिहून ठेवावी आणि कोणती लिहू नये?

जी उत्तरे आली नाहीत, ती मागे जाऊन बघा. येत्या बाजाराच्या दिवशी हेच पाच प्रश्न स्वतःला पुन्हा विचारा.